बांगडा मागितला, मोरी आली

माझ्या मामा-मामींची रत्नागिरीत, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर खानावळ आहे. मामी गल्ल्यावर, मामा चुलीवर. मामीने कॉम्प्युटरवर ऑर्डर मारली की आत मामांच्या डोक्यावरचा प्रिंटर करकरत चिठ्ठी काढायचा : बांगडा फ्राय, टेबल चार. गल्ला आणि स्वयंपाकघर यांच्यामधली खिडकी मामीने मुद्दाम बुजवून घेतली होती, कारण मामा प्रत्येक ऑर्डरवर वाद घालत.

गेल्या वर्षी खाऱ्या हवेने तो जुना कॉम्प्युटर गंजून मेला. नवा आला, त्यात नवी विंडोज. बिलाचं सॉफ्टवेअर मात्र पंधरा वर्षांचं, आणि ते बनवणारा माणूस कधीच दुकान बंद करून गेलेला. मी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते, म्हणून बोलावणं मला.

"नवं सॉफ्टवेअर घेऊया की," मी म्हटलं.

"अगो, मला ह्याच्या सगळ्या कळा पाठ आहेत. डोळे मिटून बिल काढते मी. ह्यालाच जागा करून दे."

माझ्या नवऱ्याने फोनवरून लिनक्स सुचवलं. मामीने विचारलं, "तो काय भाकऱ्या भाजून देणार आहे?" लिनक्स तिथेच निकालात निघालं.

मी ते सॉफ्टवेअर नव्या विंडोजवरच कसंबसं चालू केलं. पडद्यावर सगळं ठीक दिसत होतं, पण स्वयंपाकघरातल्या चिठ्ठीवर मराठीऐवजी उलटे कंस, टिंबं आणि शेपट्या छापून येऊ लागल्या. फक्त टेबलाचा आकडा शाबूत. मी मामीला म्हटलं, "दोन दिवस दे, उपाय शोधते." उपाय मला त्याच संध्याकाळी सापडला. नव्या कॉम्प्युटरच्या पोटात एक खोटा कॉम्प्युटर तयार करायचा, त्यात जुनी विंडोज बसवायची आणि तिला इंटरनेटचं वारंही लागू द्यायचं नाही. माझ्या लॅपटॉपवर करून पाहिलं, मराठी चिठ्ठी झकास उमटली.

दुसऱ्या दिवशी सांगायला गेले, तर आत मामा एक चिठ्ठी उजेडाकडे धरून उभे. चेहरा खुललेला.

"हे बघ बाय, इथे स्पष्ट लिहिलंय. मोरीचं कालवण."

"मामा, तो बांगडा असेल."

"तुला वाचता येतंय?"

"नाही."

"मग?"

वीस वर्षं मामा तेच पाच पदार्थ करत होते. मोरीला, म्हणजे छोट्या शार्क माशाला, मामी मेनूकार्डावर घ्यायलाच तयार नव्हती, त्या माशाचा वास तिला सोसत नसे. आता चिठ्ठी आली की वाढणाऱ्या बायकांना मामा फक्त "शाकाहारी की मासे?" एवढंच विचारत, आणि मासे म्हटलं की मनाला येईल ते ताटात घालत. कुणी तक्रार केली नाही. उलट ताटं चाटूनपुसून परत येत होती. मामांनी माझ्यापुढे तिसऱ्यांच्या, माझ्या आवडत्या शिंपल्यांच्या, सुक्याची वाटी सरकवली. "चार दिवस थांब गो." मी थांबले. वाटी रोज भरत होती.

पाचव्या दिवशी लोटे गावच्या कारखान्यातले एक साहेब चौघांना घेऊन आले आणि गल्ल्यावर म्हणाले, "वहिनी, परवाचं ते मोरीचं कालवण पाच जणांना."

"आमच्याकडे मोरी नसते," मामी म्हणाली.

"असं कसं? बांगडा मागितला होता, मोरी आली. म्हटलं, बरंच झालं."

मामीने ऑर्डर घेतली, हसून घेतली, आणि मग माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"उपाय सापडला गो?"

"शोधतेय, मामी. फार किचकट आहे."

"सगळ्या चिठ्ठ्या अगम्य येतात ना? मग तुझ्या ताटात रोज तुला हव्या त्या तिसऱ्याच कशा येतात?"

मी घास गिळला आणि वाटी थोडी बाजूला सरकवली. लाज वाटली, आणि हसूही आवरेना. आतून मामांचं खोकणं ऐकू आलं.

तासाभरात जुनी विंडोज बसली. चिठ्ठ्या पुन्हा शुद्ध मराठीत येऊ लागल्या. मग मामीने मला विचारलं, "ह्यात नवा पदार्थ कसा घालायचा?" मी दाखवलं. तिने एकेक कळ शोधत टाइप केलं : आजची मर्जी.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रिंटर थांबेचना. आजची मर्जी, टेबल दोन. आजची मर्जी, टेबल सहा. आजची मर्जी, चार ताटं. मामा घामाघूम होऊन दारात आले.

"अगो, मर्जी पण हुकमावरच करायची?"

"टेबल तीन थांबलंय," मामी म्हणाली.