माइक बंद झाल्यावर

पांडेसऱ्यातल्या आमच्या कापड विणायच्या लूमच्या खात्यात तो कारीगर होता आणि मी मेहताजी, म्हणजे कारकून. लूमच्या खडखडाटात आवाज पोचत नाही, म्हणून तिथे सगळे नुसते ओठ हलवून बोलतात, आणि समोरच्याला कळतं. त्याला तर बाहेरही तीच खोड. चहाच्या टपरीवरसुद्धा आवाज न काढता म्हणायचा, "मेहताजी, नवं गाणं जुळलं." गाणी तो स्वतःच रचायचा.

महिन्यापूर्वी खात्यात एक जण शॉक लागून गेला होता. तो घरीच वारला, असं शेठजींनी पोलिसांना सांगितलं आणि मी मान डोलावली. म्हणून गणपतीतल्या कार्यक्रमाआधी मी या गाणाऱ्याला विनवलं, "बाबा, ते गाणं तेवढं नको." त्याने ओठांनीच विचारलं, "कोणतं?"

संध्याकाळी मैदानात मी शेठजींच्या शेजारी बसलो होतो. त्याने खंजिरीवर थाप मारली. "घरी नाही गं वहिनी, तो..." शेठजींनी बोट वर केलं आणि माइक बंद झाला. त्याचा आवाजही थांबला, पण ओठ थांबले नाहीत. खंजिरी वाजत राहिली. मागे वळून पाहिलं, तर मैदानभर कारीगरांचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. आवाज कुणाचाच नव्हता.

ऑफिसात बसणाऱ्या शेठजींना ही भाषा येत नव्हती. काय चाललंय ते त्यांनी मलाच विचारलं, "मेहताजी, आ शुं चाले छे?"

मी कानांवर हात ठेवले. "खबर नथी, शेठ."

ते माझ्या तोंडाकडे बघतच राहिले. गाण्याचं धृपद आलं होतं आणि माझेही ओठ हलत होते.