बागेसाठी नापास

“सात आठे?” साहेबांनी विचारलं.

“चोपन्न,” शकू म्हणाली.

शकू म्हणजे माझ्या चौथीतली सर्वांत हुशार मुलगी, आणि तिचंच चुकलं. साहेब पुढच्या मुलाकडे वळले. तो साठ म्हणाला. त्याच्या शेजारचा नुसताच खिडकीबाहेर बघत राहिला.

ही ऐंशीच्या आसपासची गोष्ट. चांदवडजवळच्या एका खेड्यात मी प्राथमिक शिक्षक होतो. साहेब म्हणजे विस्तार अधिकारी, शाळा तपासणारे. वर्गाचे मी दोन गट केले होते. पक्क्या गटाने फळ्यासमोर बसायचं. कच्च्या गटाला शाळेमागे वांग्याची रोपं लावून गणित शिकवायचो. रोपं मोजायची, ओळी वाटून घ्यायच्या, पोरांना शाळेत खायला मिळणाऱ्या सुकडीची भांडी धुतलेलं पाणी त्यांना घालायचं. कच्ची मुलं खरंच सुधारत होती. पक्की मात्र एकेक करून कच्ची होत चालली होती. माझंच शिकवणं कुठेतरी चुकतंय, या विचाराने मला झोप लागत नव्हती.

“गुरुजी, ही बाग पोरांना बिघडवतेय. उपटून टाका,” खिडकीतून मागे बघत साहेब म्हणाले.

“साहेब, एकदा बघून तरी घ्या.” माझा आवाज रडवेला झाला असावा. ते मागे आले. पोरंही आली.

“किती रोपं आहेत ही?”

मी बोटाने मोजू लागलो, तोवर शकू म्हणाली, “आठ-आठच्या सात वळी. छप्पन. एक सरपंचाच्या शेळीनं खाल्लं. पंचावन.”

साहेब गर्रकन वळले. “मग आत चोपन्न कुठून आणलेस गं?”

शकू माझ्याकडे बघेना. “आत बरोबर सांगितलं का गुरुजी आतच बसवत्यात. चुकलं का बागेत. मी लय येळा चुकले, तरी गुरुजी म्हणत्यात, तू हुशार हाय, बस.”

बाकीच्या पक्क्यांनी माना खाली घातल्या.

साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. ते हसतायत, हे मला त्यांच्या पोटावरून कळलं. “बाग राहू द्या, गुरुजी. गट तेवढे मोडा.”

दुसऱ्या दिवसापासून सगळेच पाळीपाळीने बागेत. जो जिथे अडेल, त्याला तेवढ्यापुरतं जवळ घेऊन बसायचो. आठवडाभरात अख्खा वर्ग हुशार झाला. कच्चं कोण हे शोधण्याआधी, चुकण्याला आपण बक्षीस काय ठेवलंय ते बघावं, एवढं मी शिकलो.

शिक्षकांच्या पुढच्या सभेत साहेबांनी या प्रगतीचं श्रेय मला दिलं. शकूचं नाव न काढता मी ते मुकाट्याने घेतलं. ते अजून खुपतं.