गजराक्काचं फेंगडं पिल्लू

दुपारचं जेवण झालं की मालनला डोळा लागतो, पण आज नीट लागत नाही. सोप्यात चटई टाकून ती पडली आहे. उशाशी बुटांचा खोका, त्यावर लोंबता चाळीसचा बल्ब, आणि खोक्यात चार दिवसांचं एक पिल्लू चिवचिवतं आहे. चिवचिवतं म्हणायचं आपलं. दाराची बिजागरी याच्यापेक्षा मोठ्यानं कुरकुरते. पाय दोन्हीकडे फाकलेले, पोट जमिनीला टेकलेलं. उभं राहायला गेलं की पुन्हा पोटावर.

मालननं त्याच्यासाठी काय करायचं बाकी ठेवलंय? जुन्या कॅलेंडरची गुळगुळीत पानं खोक्यात अंथरलीत, ती दिवसातून तीनदा बदलते. कण्या भरडून भरवते. ड्रॉपरनं हळदीचं पाणी पाजते. जिच्या फरशीत तोंड दिसतं असं गावात म्हणतात तिच्या सोप्यात कोंबडीचं पिल्लू हगतंय आणि ती पुसतेय. हे सगळं मायेपोटी चाललंय असं कुणाला वाटत असेल तर त्यानं खुशाल वाटून घ्यावं. माया नाही, खुन्नस आहे.

खुन्नस शेजारच्या गजराक्काशी. गजराक्का म्हणजे मालनची कोथिंबीर उकरणाऱ्या पंचवीस कोंबड्यांची मालकीण. अंगाला खुराड्याचा वास, तोंडात मिश्री, आणि जिभेला हाड नाही. अकरा वर्षांपूर्वी त्या कोथिंबिरीवरून जुंपली आणि नळावर, दहा बायांच्या देखत, ती म्हणाली, "तुझ्या हाताला काय जगतंय, बये?" मालनला मूलबाळ नाही. दहाही बायांनी आपापल्या कळशीत बघितलं. पुढं भांडण मिटलं, वाटीभर साखरेची देवघेवही सुरू झाली, पण ते बोलणं मालनच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून राहिलं. आणि ते परत न घेताच सतरा दिवसांपूर्वी गजराक्का मरून गेली. माणसांना आपली सोय बरोबर कळते.

ती गेली तेव्हा तिची खुडूक कोंबडी तेरा अंड्यांवर बसली होती. दुखवट्याच्या गर्दीत तिला धड कोण बसू देतंय? अंडी गार पडली आणि तेराव्याच्या दिवशी तेरातलं एकच फुटलं, तेही असं फेंगडं. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना तिखट जेवण घालायचं म्हणून लेकांनी कोंबडी कापली, ती नेमकी तीच. आईसाठी रडून सुजलेल्या डोळ्यांनीच त्यांनी तंगड्या वाटून घेतल्या. सुनेनं पिल्लू उकिरड्यावर भिरकावलं. मालननं ते पदरात उचललं आणि मनात म्हटलं, आता बघच तू, जगतंय का नाही ते.

ते जगेना. सकाळपासून त्यानं एक कणी गिळलेली नाही. ते मेलं तर गजराक्काचं म्हणणं खरं ठरणार, हे मालनला कळतं, आणि त्या रागातच तिची पापणी मिटते.

बल्बचा पिवळा उजेड पापणीच्या आत येतो आणि तिथंच राहतो. त्या उजेडात खोक्यापाशी कुणीतरी उकिडवं बसलं आहे. लुगड्याचा कासोटा, दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटलेला पदर, खुराड्याचा वास.

"मेलीस न्हवं तू?" मालन विचारते.

"मेले की. म्हणून बघाया बी यायचं न्हाई व्हय?"

गजराक्का खोक्यात डोकावते आणि नाकानं हसते. मग मिश्रीची पिंक टाकते, थेट चकचकीत फरशीवर. मालन फडकं घेऊन पुसायला वाकते, तर ती फरशी तिची नाहीच. ती दूध डेअरीत उभी आहे. रांगेतल्या बाया किटल्या घेऊन उभ्या आहेत आणि एकेका किटलीतून पिल्लांच्या चोची वर आल्या आहेत. पिल्लं ठणठणीत, बायांचे चेहरे मात्र कुणाचेच नाहीत. मालनच्या किटलीत कॅलेंडरची पानं आहेत.

ती पुढं सरकायला जाते तर पाय घसरतो. सावरते तर दुसरा घसरतो. दोन्ही पाय दोन दिशांना चाललेत आणि मांड्यांत कळ उठतीय. धरायला काही नाही. गजराक्का रांगेच्या कडेला उभी राहून बघते. हात देण्याचं नाव नाही.

"घसरतंय का?"

"दिसत न्हाई व्हय तुला?"

"मला दिसतंय. तुला तीन दिस दिसलं न्हाई." गजराक्का शांतपणे सांगते. "कोंबडीचं पिल्लू हाय ते, नवरदेव न्हाई गालिच्यावर बसवायला. त्येच्या नखाला धराया खाली काय तरी खरबरीत पायजे. तू त्येला लोण्यावर उभं केलंयस आन् वरनं हळद पाजतीयास."

मालनला लाज वाटते. मग लाजेचा राग होतो. तिच्या हाताला काहीतरी गार लागतं, ती ते घट्ट धरते आणि कशीबशी उभी राहते. तो नळ आहे. भर दुपार आहे, दहा कळश्या रांगेत आहेत आणि बाई एकही नाही. नळातून पाण्याऐवजी कण्या गळतायत, बारीक, न थांबणाऱ्या.

इथंच बोलली होतीस, मालन तिला सांगते. इथंच परत घे.

गजराक्का तिच्याकडं असं बघते, जसं काही गिऱ्हाइकानं नासकं अंडं परत आणलंय. मेलेल्या माणसाकडून माफी वसूल करायला आलीस काय, असं विचारते, आणि तिकडं तो जीव चाललाय त्याचं काय ते आधी बघ म्हणते. फडक्याची बोटभर पट्टी घ्यायची, दोन्ही पायांच्या मधे एक बोट अंतर ठेवून बांधायची. आवळायची नाही. खाली गोणपाट. दोन-तीन दिवसांत पाय सरळ होतात. अशी कितीतरी उभी केली मी, असंही वर ऐकवते.

"मग बांध की तूच," मालन म्हणते.

गजराक्का खांदा उडवते, तसा पदर घसरतो. खांद्याखाली काहीच नाही.

"हात सरणावर गेलं, मालन. आता तुझंच लागतील."

मालन आपल्या हातांकडं बघते. ते कापतायत. माझ्यानं होणार नाही, ती म्हणते, आणि हे ती अकरा वर्षांत पहिल्यांदाच कुणासमोर म्हणतीय. गजराक्काला दया येत नाही.

"फरशी पुसताना न्हाई कापत ते."

पिल्लू मालनच्या तळव्यावर आहे. काडीएवढे पाय, गरम पोट, त्यात धडधड. ती पट्टी गुंडाळते. सैल, गजराक्का म्हणते. पुन्हा. आता आवळलीस, रगत थांबंल त्येचं. पुन्हा. बया बया, ह्याच हातानं तू भाकरी थापतीस व्हय? मालन दातओठ खाऊन चौथ्यांदा गाठ मारते. गजराक्का वाकून बघते आणि काही बोलत नाही. मालन वाट बघते. कण्या गळायच्या थांबतात.

मालन जागी होते. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजलेत. ती चटईवर बसलेली आहे, झोपलेली नाही. नव्या इरकलीच्या पदराचा काठ बोटभर रुंदीनं, टीचभर लांब फाडलेला आहे. खोक्यात तो काठ पिल्लाच्या दोन्ही पायांना बांधलाय आणि पिल्लू गोणपाटावर उभं आहे. डुलतंय, पण उभं आहे. मालन बोटावर एक कणी धरते. ते चोच मारतं, चुकतं, परत मारतं आणि गिळतं.

जिंकली ती. मालन पिल्लू ओंजळीत घेऊन तशीच परड्यात धावते, भिंतीपाशी जाते, आणि हाक मारायला तोंड उघडते. भिंतीपलीकडं गजराक्काच्या दाराला कुलूप आहे. लेक कोंबड्या विकून आपापल्या गावाला गेलेत. खुराडं उघडं पडलंय.

दाखवायचं कुणाला? मालनला हुंदका येतो आणि तिला त्याचीही चीड येते.

"बघाया तरी थांबायचं हुतंस, आक्का," ती कुलपाला म्हणते, आणि पिल्लाला ऊन लागावं म्हणून ओंजळ जरा वर धरते.