आधी माथा दिसला

"पडदा सुटलाय," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "उजव्या डोळ्याचा. कधीपासून दिसत नाहीये?"

"चार दिवस," मी म्हणाले. खरं तर सहा झाले होते.

त्यांनी या आजाराचं नाव रेटिनल डिटॅचमेंट असं सांगितलं. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो. आपल्याला दिसणारं चित्र त्याच्यावर उमटतं. माझा चष्म्याचा नंबर लहानपणापासून मोठा आहे. अशा डोळ्यात तो पडदा ताणलेला असतो. माझा फाटला होता आणि ओल्या भिंतीवरचा कागद सुटावा तसा कडेने सुटत चालला होता. मधला भाग, म्हणजे मॅक्युला, ज्याने आपण वाचतो, तो अजून जागेवर होता.

"उद्यावर टाकलं तर तोही जाईल," मॅडम म्हणाल्या. "ऑपरेशन आजच."

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला डोळ्याच्या कोपऱ्यात फोटोच्या फ्लॅशसारखा उजेड चमकताना दिसला, मग चिलटांसारखे काळे ठिपके आणि मग कडेने सावली सरकताना दिसली, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. मी सहा दिवस चष्मा पुसत बसले. पुण्यात नोकरीला येऊन मला दोन वर्षं झाली होती, पण ऑफिसात "मला दिसत नाहीये" असं कुणाला सांगायचं म्हणजे चार माणसं भोवती गोळा होणार. मला ते नको होतं. डोळा गेला तरी चालेल, असंच जणू मी ठरवून टाकलं होतं.

ऑपरेशनचं नाव विट्रेक्टॉमी. डोळ्यातला जेलीसारखा द्रव काढतात, फाटलेल्या जागी लेसर मारतात आणि आत गॅसचा फुगा भरतात. तो फुगा पडद्याला भिंतीशी दाबून धरतो. माझ्या बाबतीत त्यासाठी मान खाली घालून सात दिवस राहायचं होतं. गॅस विरेपर्यंत विमान नाही, घाट नाही, कारण उंचावर तो फुगतो.

"आणि पडदा धरला का, ते कधी कळेल?" मी विचारलं.

"गॅस गेल्यावर," मॅडम म्हणाल्या. "तोवर कुणीच सांगू शकत नाही."

आमचं गाव पाटोदा तालुक्यात, घाट चढून वर. म्हणजे घरी जाणं बंद. दुसऱ्या दिवशी आईच पुण्याला आली. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि एक चटई घेऊन. दवाखान्याशेजारी तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. कॉटच्या कडेला उशी, उशीवर कपाळ आणि डोळ्यांसमोर फरशी. त्या फरशीचा प्रत्येक डाग मला पाठ झाला.

आई दोन तास उगीच फेऱ्या मारत राहिली. मग तिने चटई माझ्या तोंडाखाली अंथरली आणि सरळ उताणी झोपली.

"हां. आता दिसतंय तुझं तोंड," ती म्हणाली. "बोल."

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, मग हॉस्टेल. घरी आले तरी मी खोलीत आणि पुस्तकात असायची. आम्ही दोघी इतक्या जवळून कधी बोललोच नव्हतो.

"खिडकीतून काय दिसतं?" मी विचारलं.

ती उठून बघून आली. "आगं, आपला डोंगरच हाय की! तशीच म्हशीची पाठ. वर कडूलिंबाची दोन झाडं पण हायेत."

"म्हशीची पाठ म्हणजे?"

"वरची लांब धार. तुला ठाव न्हाई?"

मला माहीत नव्हतं. आमच्या घरामागे डोंगर होता, एवढंच मला माहीत होतं. भिंतीवर कॅलेंडर असावं तसा.

मग उरलेले सगळे दिवस आईने मला तो घरामागचा डोंगर सांगितला. म्हशीची पाठ. तिच्याखाली तीन धोंडे, ज्यांना गावात सासू, सून आणि नणंद म्हणतात. आणि त्यांच्याखाली रडकी कपार, जिथे उन्हाळ्यातही पाणी झिरपतं.

"लग्न झाल्यावर सरपणाला जायचे ना, तवा तिथं बसून रडून घ्यायचे मी," ती म्हणाली. "पाणी कपारीचं का माझं, कुणाला कळायचं न्हाई."

आणि ती अशी हसली की मलाही हसू आलं. हसताना मान हलली म्हणून तीच मला रागावली.

आठव्या दिवशी मी मान वर केली. फुगा असताना दृष्टी वरून खाली उघडत येते. अगदी वर एक स्वच्छ पट्टी, तिच्याखाली हलती रेघ आणि रेघेखाली सगळं पाण्यात बुडालेलं. त्या पट्टीत डोंगराचा माथा दिसला. लांब धार आणि दोन झाडं. मी डावा डोळा झाकून ती कितीतरी वेळ बघत राहिले. गाव सोडताना कधी भरून आलं नव्हतं. ते त्या खिडकीत आलं.

रेघ रोज थोडी खाली उतरायची. खिडकीशी मी डावा डोळा झाकूनच जायचे, खालचं आधीच बघून टाकायचं नव्हतं. दोन दिवसांनी मोबाइल टॉवर दिसला. मग पाण्याची टाकी. मग गुलाबी रंगाच्या सहा इमारती.

"आई, हे तर तू सांगितलंच नाहीस!"

"ते कावून सांगू तुला? त्यात काय बघण्यासारखं हाय?"

पुढे एका सकाळी फुगा मिरीएवढा उरला आणि दुसऱ्या दिवशी तोही नव्हता. तपासणीच्या वेळी मी हनुवटी यंत्रावर टेकवली. मॅडमनी बराच वेळ डोळ्यात पाहिलं.

"छान धरलाय पडदा," त्या म्हणाल्या. "तक्त्यावरच्या खालच्या दोन ओळी नव्या चष्म्याने वाचता येतील. आता घाट चढा."

वाटेत कडा गावाला चहा घेतला आणि दुपारी घरी पोहोचलो. पप्पा घरात नव्हते. चप्पल काढायच्या आधीच आईने मला स्लॅबवर नेलं.

"डावा डोळा झाक. सांग, काय दिसतं?"

"म्हशीची पाठ. सासू, सून, नणंद."

"कपार?"

"काळा ओला डाग आहे. पाणी आहे अजून."

"असतंच," आई म्हणाली. "मलाच लई वर्षं झाली, जावं लागलं न्हाई." मग तिने माझी हनुवटी वर केली. "आता लिंबापाशी बघ."

दोन झाडं होती. मधे काहीतरी पांढरं. ते पांढरं हललं.

गुडघेदुखीने जिना टाळणारे माझे पप्पा सकाळपासून डोंगरावर जाऊन उभे होते आणि दोन्ही हातांनी पंचा फिरवत होते.

पंचा थांबला आणि आईचा फोन वाजला. "दिसलो का गं तिला?"

आईने फोन माझ्यापुढे धरला. मी तो घेतला नाही. वर्गात हजेरीलाही जिचा आवाज निघायचा नाही, ती मी कठड्याला टेकून जिवाच्या आकांताने ओरडले, "दिसलात, पप्पा! दिसलात!"

शेजारच्या अंगणातली माणसं वर बघायला लागली. मला आत पळावंसं वाटलं नाही. मी पुन्हा ओरडले.