आमटीत पडलेलं पान

चहाचा कप आधी खाली ठेवा, मग सांगतो. नंतर धोतरावर सांडला तर मला बोल लावू नका!

तेव्हा मी सोलापुरात एका गिरणीत कारकून होतो. लग्नाच्या दोन स्थळांकडून नकार आलेला. कारण काय, तर मुलगा घुम्या! आई वैतागून म्हणाली, "आता मोडनिंबला मुलगी बघायला जायचंय, तिथं तरी जरा छाप पाड बाबा!"

छाप पाडायची कशी? गिरणीतला दोस्त कासीम म्हणाला, पत्ते फेकायला शीक. पान दोन बोटांत धरायचं, मनगटाला झटका द्यायचा, की गेलंच भिरभिरत कलिंगडात रुतायला!

"ताकद नक्को मियाँ, कलाई मार!"

मारली. पहिल्याच दिवशी कंदिलाची काच गेली. पण शेवटी पान कलिंगडात रुतलं हो! एकदाच रुतलं, पण रुतलं.

मोडनिंबला मुलीचे वडील आणि मामा घोंगडीवर बसलेले. मुलगी पाटावर बसली, नाव सांगून आत गेली. मला ती भलतीच आवडली.

मामांनी विचारलं, "पाव्हणं, कसला नाद?"

"छे! सुपारीसुद्धा नाही!" असं म्हणत मी ऐटीत कोटाच्या खिशातून पत्त्यांचा जोड काढला.

सगळ्यांचे डोळे मोठे झाले! मला वाटलं, थक्क झाले. मी मनगट झटकलं. पान वडिलांच्या पटक्यावरून, दारातून, थेट चुलीवरच्या आमटीत!

वडील ताडकन उठले. "जुगारी हाय ह्यो! खिशात पत्ते घिऊन पोरगी बघाय आलाय!"

"अहो, मला खेळता येत नाही! नुसतं फेकता येतं!"

"ते बी कुटं येतंय?"

मामांनी आमटीतलं पान पळीनं काढून माझ्या नाकासमोर धरलं. "खेळता येत न्हाय व्हय? मग ह्यो कोण?"

"राजा!"

"गुलाम हाय! आन ह्ये?" त्यांनी जोडातलं दुसरं पान दाखवलं.

"किलवर?"

"इस्पिक हाय, इस्पिक!"

आतून बांगड्या वाजल्या, कुणीतरी खुदकन हसलं. मामा तर पोट धरून खाली बसले. "दाजी, ह्यो कसला जुगारी!"

वडिलांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "तुमाला लई ठावं हाय की वो पत्त्यातलं!"

मामांना एकदम खोकला आला. विषय बदलायला त्यांनी घाईघाईनं साखर मागवली, त्या गडबडीत ती वाटली गेली, सुपारी फुटली, मी हवेत!

लग्नाच्या मांडवात मामा येईल त्याला कौतुकानं सांगत होते, "जावाय एकदम निर्व्यसनी! मी सोता पारख केलीया. जुगाराला अक्कल लागती, ती न्हाईच की!"