काळवंडलेलं पितळ

गल्लीत तिला सगळे ठिणगी म्हणत. सुऱ्यांना मुठी बसवायचं तिचं दुकान होतं. चाकावर पातं धरलं की ठिणग्या उडतात, म्हणून हे नाव पडलं असं ती नव्या गिऱ्हाइकाला सांगे. गल्लीला खरं कारण ठाऊक होतं. एकदा कुणीतरी मूठ ढिली लागते म्हणून तक्रार घेऊन आला, तर "मूठ नाही, तुमची पकड ढिली आहे," असं भर दुकानात ऐकवून तिने त्याला वाटेला लावलं होतं. शेजारची म्हातारी माणसं हसून म्हणत, खाण तशी माती, हिचा बापही असाच होता.

हे ऐकलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई. बापासारखी! बाप डावखुरा, धंद्यात दोन बोटं गमावलेला; तीही डावखुरी. लहानपणी ती कामाच्या पाटाशी घुटमळली की बाप म्हणे, "दुकानात एक डावखुरा पुरे," आणि धाकट्या भावाला जवळ बसवी. धाकट्याने दोन वर्षं बोटं ठेचून घेतली, रडला, आणि एक दिवस इस्त्रीचा शर्ट घालून कचेरीत नोकरीला लागला. पुढे बापाचे हात थरथरायला लागले तेव्हा ती जाऊन पाटावर बसली. बाप "बस" म्हणाला नाही, "ऊठ"ही म्हणाला नाही. तसाच एक अक्षर न बोलता गेला. मेलेल्या माणसावर किती दिवस रागवायचं याला काही नियम आहे का? असला तरी तिने तो पाळला नसता.

बापाने घरासाठी बनवलेली एक सुरी होती. लाकडी मूठ, पात्यापाशी पितळेचं कडं, मुठीत पितळेचे तीन खिळे. वर्षानुवर्षं हाताळून ते पितळ कोऱ्या चहासारखं काळपट तपकिरी झालेलं. रोज जेवण झालं की बाप त्या सुरीने आईला सफरचंद कापून देई. जगात तेवढं एकच काम तो न ओरडता करत असावा. त्याचा डावा अंगठा कड्यावर एकाच जागी टेके, त्यामुळे तिथे वालाच्या दाण्याएवढा ठिपका मात्र लखलखीत राहिलेला.

तो गेल्यावर आईचं चित्त जाऊन येऊन असायचं. कधी मुलीला बहीण समजे, कधी शेजारीण. पण ताटाशेजारी ती सुरी दिसली की निमूट जेवायची. दिसली नाही, तर "ते आल्यावर जेवू," म्हणून बसून राहायची.

आणि एका रविवारी धाकटा आला. ठिणगी लाकूड आणायला गेलेली. साहेबांना आईला खूश करायची हुक्की आली. दुकानातलं कापडी चाक सुरू करून त्याने सुरीचं पितळ असं चकचकीत केलं की त्यात बघून भांग पाडून घ्यावा. वालाएवढा ठिपका त्या चकचकाटात कुठे विरघळला, पत्ता नाही. त्याने सुरी ताटाशेजारी ठेवली. आईने ती पाहिली.

"ही कुणाची? ज्याची त्याला देऊन टाका," ती म्हणाली आणि तिने ताट सरकवलं. रात्री तेच. दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच, नुसतं पाणी.

पितळ परत काळं करणं ठिणगीला अवघड नव्हतं. जुन्याचा आव आणायचा असेल तर गिऱ्हाइकं हौसेने तेच करून घेत. तिने पात्याला तेलकट कागद गुंडाळला, मुठीच्या लाकडावर पट्टी चिकटवली, चाकावरून पितळाला लागलेलं पॉलिशचं मेण साबणाने काढलं, मग स्पिरिटने पितळ पुसलं. यानंतर उघडं बोट लावायचं नाही. बोटाचं तेल लागलं की तिथे रंग धरत नाही, हे पाटावरचं पहिलं शास्त्र. म्हणून तिने हातमोजे घातले होते. तेवढ्यात धाकटा दारात येऊन उभा राहिला.

"ताई, मी चांगल्यासाठीच केलं गं. किती घाण झाली होती ती."

"घाण?" तिने हातमोजे काढून जमिनीवर आपटले. सुरी उचलून ती त्याच्यासमोर नाचवायला लागली. "ही घाण? आयुष्यभर त्यांनी हाताळली तेव्हा हा रंग आला होता, आणि तू पाच मिनिटांत धुऊन मोकळा! तुला पाटावर बसवलं, हात धरून शिकवलं, त्यातलं एवढंच डोक्यात राहिलं, चाक कसं सुरू करायचं! आणि मी? मी दाराआडून बघून शिकले. आई कालपासून उपाशी आहे, कळतंय का तुला?"

तिने तणतणत सुरी झाकणाच्या बादलीत टांगली, ज्याच्या वाफेने पितळ काळवंडतं तो अमोनिया खाली वाटीत ओतला आणि झाकण असं दाबलं की बादली कळवळली.

दुसऱ्या दिवशी दुपारी झाकण काढलं. रंग हुबेहूब आला होता, खिळ्यांवर आणि कड्यावरही. फक्त कड्याच्या एका बाजूला एक पिवळा डाग चकाकत होता.

"हात लावलास ना!" ती कडाडली.

"मी? मी दारातून हललो नाही. तुझ्या हातात सुरी होती ताई, मी कशाला पुढे येऊ?" धाकट्याने उजवा हात वर केला. "आणि डाग डाव्या अंगठ्याचा आहे."

तिने स्वतःच्या डाव्या अंगठ्याकडे पाहिलं. मग जास्तच चिडली, कारण आता चिडायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. सगळं घासून पुन्हा करायचं म्हणून तिने कापड उचललं. धाकट्याने ते काढून घेतलं. "आधी आई," एवढंच म्हणाला. जन्मात पहिल्यांदा शहाण्यासारखं बोलला.

आईने सुरी हातात घेतली. मुठीवरून बोटं फिरवली, कड्यापाशी आली, डागावर थांबली.

"आले," ती म्हणाली आणि घास उचलला.

ठिणगीला ते सहन होईना. स्वतःच्याच चुकीचं श्रेयसुद्धा बापाला! "आई, तो त्यांचा अंगठा नाही. माझा आहे."

आईने सावकाश घास गिळला. ताट संपवलं. मग सुरी आणि सफरचंद तिच्यापुढे सरकवलं. "काप."

ती दाणदाण कापायला लागली. अंगठा आपोआप डागावर जाऊन बसला. आई तिच्या हाताकडे बघत राहिली.

"हळू. तेही असेच रागारागाने कापायचे," ती म्हणाली. "म्हणायचे, पोरीचा हात माझ्यासारखा आहे. या धंद्यात माझ्यासारखी बोटं जाऊ नयेत तिची."

ठिणगीचा हात थांबला. "हे मला का नाही सांगितलं त्यांनी?"

आईला आता त्यातलं काही आठवत नव्हतं. तिने पुढच्या फोडीसाठी हात पुढे केला होता.