रिकामी न आलेली वाटी

हुसेनभाई गेल्याचं मला अमरावतीला कळलं ते अकोल्याहून परतलेल्या एका गाडीवानाकडून. तोवर त्यांचं दफनही होऊन गेलं होतं. मूठभर माती द्यायलाही मी पोहोचलो नाही...

मी अकोल्याला शाळेवर होतो तेव्हा आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत होती. पहाटे नमाजाआधी ते हातपाय धुवून वजू करत, तेव्हा त्यांच्या तोटीच्या लोट्यातून पडणाऱ्या पाण्याच्या आवाजानं मला जाग येई. अमेरिकेतल्या लढाईनं कापसाला भाव चढला आणि वऱ्हाडात लोकांनी बांधसुद्धा पेरले. त्याच साली कापसाला जागा करायला हुसेनभाईंनी शेतातली बोर तोडली. ती त्यांच्या आईनं लावलेली. तिच्या सावलीत चटई टाकून आई नमाज पढे आणि मग धाकट्या लेकाला, कासमला, घेऊन बोरं वेचत बसे. कासम बाजारातून परतला तेव्हा बुंधाही उरला नव्हता. त्यानंतर तो भावाशी आपणहून बोलला नाही.

हाती पैसा आला तसं हुसेनभाईंनी हजला जायचं ठरवलं. निघण्याआधी साऱ्यांना भेटून चुकल्यामाकल्याची माफी मागायची त्यांच्यात रीत आहे. मीही सोबत हिंडलो. शेजारची माळीण म्हणाली, "केलं माफ, पन मक्केहून खजूर नाई आनले त माफी वापस घेईन!" हुसेनभाई खूप हसले. शेवटी कासमचं दार आलं. तो बैलांना चारा टाकत होता. वर न बघता म्हणाला, "मले काहून इचारतं? त्या बोरीले इचार."

घरी येऊन हुसेनभाईंनी बांधलेलं गाठोडं सोडलं. "मास्तर, भावाले दुखवून तेथी कोन्या तोंडानं उभा राहू?" हज राहिली ती राहिलीच.

पुढे दर ईदला ते स्वतः शीरखुर्म्याची वाटी कासमच्या ओट्यावर ठेवून येत. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, चिमूटभर साखर तरी घालावी, हे तिथं प्रत्येक घरात पाळतात. कासमकडून वाटी येई ती लख्ख घासलेली आणि रिकामी. "खाल्लं त लेकानं! चाटून खाल्लं," असं म्हणून हुसेनभाई हसत आणि रिकामी वाटी हातात फिरवून बघत.

यंदा ईदनंतर अकोल्याला गेलो तेव्हा ते अंथरुणाला खिळलेले होते. बोलता बोलता त्यांनी बायकोला, आमच्या भाभींना, विचारलं, "वाटी आली काय?"

"नाई आली."

त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे रिकामी त नाई आली ना?" शेवटपर्यंत ते रोज हेच विचारत, असं भाभींनी मला नंतर सांगितलं.

त्यांच्या चाळिसाव्या दिवसाला मी गेलो. फातिहा झाली, त्यांच्या आवडीचं जेवण वाढलं गेलं. कासम जेवायला बसला नाही. मी त्याच्या घरी गेलो. कोनाड्यात ती वाटी पालथी होती. माझी नजर तिच्याकडे गेलेली त्यानं पाहिली.

"यंदा बोरं भरून धाडाची होती, मास्तर," तो म्हणाला. "बजारातून आनलेबी. वाटीत भरले, मंग काढले. मायच्या झाडाचे थोडीच होते ते! दुसरं काय भराव, त्याचा इचार करून राहिलो होतो... तवाच भाऊ गेला."

"द्या, मी भाभींकडे पोचवतो," मी म्हणालो.

त्यानं वाटी खाली काढली, उपरण्यानं आतून पुसली.

"रिकामी?" तो म्हणाला, आणि वाटी हातानं झाकून बसून राहिला.